बॅटरी बदलण्याआधी

पुण्याहून येणाऱ्या माणसाला नगर लागतं ते केडगावपासून. इथेच बाह्यवळण रस्ता फुटतो आणि शिर्डी-मनमाडकडे जाणारी जड वाहनं शहर टाळून तिकडे वळतात. गाड्या जिथे वळतात तिथे गाड्या दुरुस्त करणारे हातही असतात. अलीकडे या रस्त्यावर ट्रक-टेम्पोंच्या गर्दीत अधूनमधून एक वेगळी गाडी दिसते: आत पलंग, ओटा, फ्रिज आणि छतावर सोलर पॅनेल. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. हौसेने ट्रॅव्हलर घेऊन तिच्या पोटात घर बांधून घेणारे मात्र त्याआधीपासून आहेत. या गाड्यांचं इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देते ती घराची वीज, आणि तीही रात्री, वस्तीपासून लांब.

अशाच एका गाडीवरून झालेला हा वाद. मामांचं केडगावात ऑटो इलेक्ट्रिकचं काम. तरुणपणी ते तमाशाच्या फडाबरोबर जनरेटरच्या ट्रकवर होते, वीज तिथेच शिकले. भाची पुण्यात इलेक्ट्रिकल इंजिनियर. गाडीची तक्रार सरळ होती. दिवसभर गाडी चालते, संध्याकाळी दिवे चांगले लागतात, मध्यरात्री फ्रिज बंद पडतो, पाण्याचा पंप रडतो आणि इन्व्हर्टर पिपाणी वाजवायला लागतो. मालकाने एका ठिकाणी सांगितलं म्हणून नवी बॅटरी टाकली. चार दिवसांत पुन्हा तेच.

मामा : नवी बॅटरी टाकली, तरी रोग तसाच. म्हणजे रोग बॅटरीत नव्हताच. आपल्याकडे अंधार झाला की पहिला बळी बॅटरीचा. ती दिसते, विकत मिळते आणि बदलली की काहीतरी केल्यासारखं वाटतं. मी आधी हात लावतो तो जोडाला. टर्मिनल, थिंबल, फ्यूज, बॉडीचा अर्थ. दहातले आठ फॉल्ट तिथेच निघतात.

भाची : दहातले आठ हा तुमचा अंदाज झाला, मामा. मला आधी आकडा हवा. इंजिन बंद, सगळे लोड बंद, गाडी तीन-चार तास उभी, आणि मग व्होल्टेज. शिशाच्या बॅटरीचं १२.७ आलं तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. गाडी थांबवल्या थांबवल्या मोजलं तर चार्जिंगचा वरवरचा फुगवटा दिसतो आणि माणूस फसतो.

मामा : मोज की. मोजायला माझी ना नाही. पण उभ्या बॅटरीचं व्होल्टेज किती विश्वासाचं? मेलेली बॅटरीसुद्धा विश्रांती घेऊन १२.५ दाखवते. लोड टाकला की नऊवर बसते. म्हणून मीटरपेक्षा माझा टेस्ट लॅम्प बरा. साधा एकवीस वॉटचा इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी. तो पेटायला खरा करंट लागतो. मीटरला करंट लागतच नाही, त्यामुळे एका तारेवर लटकलेल्या जोडालाही तो बारा व्होल्ट म्हणतो.

भाची : हे मान्य. मीटरने नुसता ओहम बघणं तर आणखी फसवं. पन्नास तारांच्या केबलमधली एकच तार शाबूत राहिली तरी मीटर ‘जोडलेलं आहे’ असंच सांगणार. पण लोड चालू ठेवून मीटर लावला की तुमच्या बल्बापेक्षा तो जास्त बोलतो. इंजिन चालू करा, मागचे दिवे, पंप, पंखा लावा. पुढच्या, इंजिनच्या बॅटरीवर किती?

पुढे १४.३ निघाले. मागे, पलंगाखालच्या घराच्या बॅटरीवर १३.२.

भाची : वाटेत १.१ व्होल्ट गेले. कुठे गेले ते शोधायचं. मीटरचं एक टोक पुढच्या पॉझिटिव्हवर, दुसरं मागच्या पॉझिटिव्हवर. ०.७. आता निगेटिव्हच्या बाजूने, मागच्या बॅटरीचा निगेटिव्ह आणि पुढचा निगेटिव्ह. ०.४. दोन्ही मिळून हिशोब पुरा झाला. पॉझिटिव्ह केबल सहा एमएमची आहे आणि लांबी आठ मीटर. तांब्याच्या सहा स्क्वेअर एमएम वायरला किलोमीटरमागे साधारण ३.१ ओहम रोध असतो. आठ मीटरला ०.०२५. तीस अँपिअर वाहिले की पाऊण व्होल्ट वायरच खाते. गाडी बांधणाऱ्याने तांबं वाचवलं आणि मालकाने बॅटरी घालवली.

मामा : कुकडीच्या कालव्याचं आवर्तन सुटतं तेव्हा टेलच्या शेतकऱ्याचं जे होतं तेच हे. धरण भरलेलं, पण त्याच्यापर्यंत काय पोहोचतं? आणि निगेटिव्हचे ०.४ मी तुला न मोजता सांगितले असते. हा बघ, अर्थचा बोल्ट रंगावरच आवळलाय. रंग खरवडलेला नाही. खाली गंज धरलाय.

भाची : ०.४ गुणिले तीस, बारा वॉट. तो बोल्ट प्रवासभर तापत असणार.

मामा : हात लावून बघ. पण इंजिन बंद केल्यावर, आणि आधी बांगडी काढ. बारा व्होल्टने शॉक लागत नाही म्हणून माणसं बेफिकीर होतात. पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर लाल होतो, अंगठी मध्ये आली तर बोट जातं. खोलताना निगेटिव्ह आधी काढायचा. पाना बॉडीला लागला तरी मग काही होत नाही. लावताना निगेटिव्ह शेवटी.

इथे दोघंही एकाच ठिकाणी पोहोचले होते, मामा बोटांनी आणि भाची आकड्यांनी. पण मालकाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळीच होती. पुणे ते नगर हे १२० किलोमीटरचं अंतर, तीन तासांचा प्रवास. एवढ्या वेळात बॅटरी भरून निघेल असं तो गृहीत धरून चालला होता. शिशाच्या बॅटरीला भरायला १४.२-१४.४ लागतात; १३.२ वर ती रेंगाळत भरते. रोज अर्धपोटी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट जमतं आणि नवी बॅटरी वर्षभरात म्हातारी होते. गाडीवाल्याने दुकानदाराला दोष दिला असता, दुकानदाराने कंपनीला. दोष आठ मीटर वायरीचा आणि एका बोल्टाचा होता.

भाची : केबल पंचवीस एमएमची टाकू. तीस अँपिअरला पाव व्होल्टसुद्धा पडणार नाही. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. आत्ता तो आठ मीटर पुढे, फक्त इंजिनच्या टोकाला आहे. मधे कुठे केबल घासून बॉडीला लागली तर मागची बॅटरी तिला लाल करेल आणि फ्यूजला पत्ताही लागणार नाही. पलंगाखाली.

मामा : हे अगदी बरोबर. दोन्ही टोकांना बॅटरी म्हणजे दोन्ही टोकांना फ्यूज. आणि फ्यूज उडाला की त्याला तार गुंडाळायची नाही. वीसचा उडाला म्हणून तीसचा टाकायचा नाही. फ्यूज वायरीसाठी असतो, फ्रिजसाठी नसतो.

भाची : शॉर्ट शोधताना तुम्ही फ्यूज मागून फ्यूज जाळत नाही ना?

मामा : फुकट नाहीत ते. फ्यूज काढायचा आणि त्याच्या जागी दोन पिनांत माझा बल्ब लावायचा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो. करंट बल्बामुळे अडतो, त्यामुळे वायर जळत नाही. मग एकेक कनेक्टर सोडवत जायचं, हार्नेस हलवत जायचं. ज्या क्षणी बल्ब विझतो तिथे तुझा चोर. दरवाज्याच्या बिजागरीपाशी, टाकीच्या क्लिपखाली, स्क्रूने टोचलेल्या जागी. घरगाडीत सुतार आणि वायरमन दोघं काम करतात, आणि सुताराचा स्क्रू प्लायवूडच्या मागे कुठे गेला हे वायरमनला दिसत नाही.

ही युक्ती मी मुद्दाम तपशिलात लिहिली. दहा-वीस रुपयांच्या बल्बात जे काम होतं त्यासाठी लोक गाडी दोन दिवस उभी करतात.

रात्रीचा प्रश्न मात्र केबलने पूर्ण सुटणार नव्हता. भाचीने कागद घेतला.

भाची : समजा बॅटरी पूर्ण भरली. दिवसरात्रीत काय काय खातं ते बघू. कॉम्प्रेसरचा फ्रिज ४५ वॉट, म्हणजे पावणेचार अँपिअर. दिवसरात्रीत निम्मा वेळ चालला तर ४५ अँपिअर-तास. आपल्याकडच्या मे महिन्यात निम्म्यापेक्षा जास्तच. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काही नसलं, तरी तो दीड अँपिअर घेतो. चोवीस तासांत ३६. म्हणजे मोबाईलचा चार्जर लावायला ठेवलेला इन्व्हर्टर जवळजवळ फ्रिजएवढं खातोय. शिशाची १५० ची बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे हातात ७५. संपलं.

मामा : आणि मालकाच्या बायकोला इंडक्शन हवंय.

भाची : दोन हजार वॉटचं इंडक्शन बारा व्होल्टवर १८० अँपिअरच्या वर मागतं. ते या गाडीत चालणार नाही. गॅसवर स्वयंपाक करा, असं मी स्पष्ट सांगेन.

मामा : गाडी आठवडाभर दारात उभी असताना बॅटरी उतरते, तेही त्यांनी सांगितलंय. तो वेगळा फॉल्ट.

भाची : निगेटिव्ह सोडवून मध्ये अँपिअरवर मीटर. गाडीचे कंप्युटर झोपायला थोडा वेळ द्यायचा. शंभर मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला बारा अँपिअर-तास गळतात; शंभरची बॅटरी चार दिवसांत निम्मी. मग एकेक फ्यूज काढत जायचं, आकडा पडला की तेच सर्किट. गॅस डिटेक्टर, म्युझिक सिस्टिम, टाकीचा मीटर यांपैकी कोणीतरी असतं. सोलर आहे म्हणून दिवसा ते झाकलं जातं. आणि सोलरवरही फार विसंबू नका. पॅनेलवर छापलेले वॉट पंचवीस अंशांचे. उन्हाळ्यात छतावर पॅनेल ६५ अंशांला गेलं तर सोळा टक्के तिथेच गेले, धूळ वेगळी.

खरी ठिणगी पडली ती इथून पुढे. भाची म्हणाली, शिशाची बॅटरी काढून लिथियम टाकावी.

मामा : का? आत्ताच सिद्ध झालं की बॅटरीचा दोष नव्हता.

भाची : दोष नव्हता. पण या गाडीला ती बॅटरी शोभत नाही. १५० ची ट्यूब्युलर पन्नास-साठ किलोची, पलंगाखाली, बंद पेटीत. चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि वर माणसं झोपतात. माळशेज उतरताना हिसक्याने ॲसिड सांडलं तर? शंभरची लिथियम आयर्न फॉस्फेट तेरा-चौदा किलोची, जवळजवळ पूर्ण वापरता येते, वायू सोडत नाही.

मामा : हायड्रोजनचं तुझं खरं. ती पेटी आजच्या आज बाहेरून हवेशीर करायची, त्यात वाद नाही. पण ऐक. ही बॅटरी बिघडली तर मी झाकणं उघडून हायड्रोमीटर बुडवतो, सहा घरांतलं कोणतं मेलं ते सांगतो. पाणी कमी असेल तर पाणी टाकतो. ती हळूहळू मरते, आधी कुरकुरते. अकोल्यात, राजूरला, कुठेही दुसरी मिळते. तुझी लिथियम भंडारदऱ्याला रात्री बंद पडली तर तिथल्या माणसाने काय उघडायचं?

भाची : बऱ्याचदा ती बंद पडलेलीच नसते. आतला बीएमएस, म्हणजे तिची राखण करणारं सर्किट, संरक्षणासाठी बाहेरचा रस्ता तोडतो. मीटरवर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दिसतात आणि लोक बॅटरी मेली म्हणून टाकून देतात. चार्जर लावला, चार्जिंगचं व्होल्टेज मिळालं की ती जागी होते. हे माहीत असलं की झालं.

मामा : माहीत कोणाला असलं की? तुला. आणि एक सांग, दोन बॅटऱ्या जोडणारा जुना रिले तसाच ठेवून लिथियम टाकली तर अल्टरनेटरचं काय होईल?

भाची : जळू शकतो. लिथियम जितका करंट मिळेल तितका ओढते, आणि अल्टरनेटर गाडी रेंगाळत असताना थंड होत नाही. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. तो ठरवलेलाच करंट घेतो. बीएस-सहाच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर स्वतःहून व्होल्टेज खाली आणतो, तिथे तर शिशाच्या बॅटरीलाही तो लागतो.

मामा : म्हणजे बॅटरी बदलली की चार्जर बदला, सोलरची सेटिंग बदला, इन्व्हर्टरचा कटऑफ बदला. एकेक नवी वस्तू म्हणजे एकेक नवा जोड. मी फडाच्या गाड्यांवर काम केलं. नारायणगावच्या राहुट्यांपासून निघालो की मोसमभर रोज वेगळं गाव, रोज रात्री शेकडो माणसांसमोर उजेड हवाच. तिथे नियम एकच होता: जी वस्तू रस्त्यात दुरुस्त होत नाही ती गाडीत चढवायची नाही.

भाची : आणि त्या जनरेटरशेजारी रोज एक जाणकार माणूस झोपायचा, मामा. या गाडीत तुम्ही नाही आहात. इथे निवृत्त नवराबायको आहेत. ज्यांना दुरुस्ती येत नाही त्यांच्यासाठी बिघाड कमी होईल अशीच रचना करायला हवी.

या प्रश्नावर त्यांचं जमलं नाही, आणि ते जमायला हवं असंही मला वाटत नाही. माझा कौल परिस्थितीवर आहे. वर्षातून दोन सहली करणाऱ्याने पेटी हवेशीर करून, केबल जाड करून ट्यूब्युलर ठेवावी. तिच्यावरचा खर्च कमी आणि तिची भाषा कळणारी माणसं तालुक्या-तालुक्याला आहेत. महिनोन् महिने गाडीतच राहणाऱ्याने लिथियम घ्यावी, पण पूर्ण संचासह. जुन्या रिलेवर नवी लिथियम चिकटवणं हा सगळ्यात वाईट पर्याय, आणि दुर्दैवाने सर्रास होणारा तोच आहे.

बाहेरच्या विजेचा विषय निघाला तेव्हा मात्र मला एकच बाजू बरोबर वाटली.

मालकाने सांगितलं होतं की एका शेतावर मुक्काम असताना घरातून वायर ओढून गाडीला जोडली, आणि दार उघडताना हाताला मुंग्या आल्या.

मामा : थोड्या मुंग्या येतात कधीकधी. टायर रबराचे आहेत, गाडी जमिनीपासून सुटी आहे.

भाची : मामा, इथे मी ऐकणार नाही. टायर रबराचे आहेत हाच धोका आहे. घरातल्या उपकरणांची बॉडी जमिनीला जोडलेली असते. फेज बॉडीला लागला तर करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. या गाडीचा पत्रा हवेत आहे. फेज लागला तर पत्रा २३० व्होल्टवर शांतपणे बसून राहतो, काही उडत नाही. मग ओल्या मातीवर अनवाणी उभं राहून कोणी दाराची कडी धरली की जमिनीची वाट तो माणूस असतो. आत बसलेल्याला काही होत नाही. उतरताना होतं.

मामा : (थोडं थांबून) तीन पिनांचा प्लग आहे की. अर्थ असतो.

भाची : तुम्हीच सांगा, शेतावरच्या किती बोर्डांत तिसऱ्या भोकाला वायर असते?

मामा : नसते. निम्म्या ठिकाणी मागे काहीच जोडलेलं नसतं. असेल तरी अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठाक.

भाची : म्हणून गाडीत शिरल्या शिरल्या तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की पापणी लवेपर्यंत तोडतो. एमसीबी हे काम करत नाही. तो ओव्हरलोड आणि शॉर्ट बघतो, माणूस बघत नाही. या गाडीत फक्त एमसीबी आहे. आरसीसीबीला अर्थ नसला तरी चालतं, पण तेव्हा तो माणसाला झटका बसल्यावर तोडतो. अर्थ असला तर झटका बसण्याआधीच. म्हणून गाडीबरोबर अर्थची सळई ठेवा, पण सळई आहे म्हणून आरसीसीबी टाळू नका. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

मामा : प्लग लावण्याआधी व्होल्टेज बघायला पाहिजे, हे माझ्याकडून जोड. गावात न्यूट्रल तुटला की एका घरात दीडशे आणि शेजारी साडेतीनशे येतात. फ्रिज, टीव्ही एका रात्रीत जातात. आणि फिरकीवर गुंडाळलेली एक्स्टेन्शन वायर पूर्ण उलगडून वापरायची. गुंडाळी आतून तापते, मी वितळलेल्या पाहिल्यात.

भाची : आणखी एक, जे कोणी सांगत नाही. बाहेरची वीज काढून इन्व्हर्टरवर आलात की तोच आरसीसीबी मुका होऊ शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरचं आउटपुट अर्थशी जोडलेलंच नसतं, तरंगतं. न्यूट्रल आणि अर्थ कुठे जोडायचा हे इन्व्हर्टरच्या पुस्तिकेप्रमाणेच करायचं, अंदाजाने कधीच नाही. आणि बाहेरची वीज व इन्व्हर्टर यांच्यात चेंजओव्हर असा हवा की दोन्ही एका वेळी जोडले जाणारच नाहीत.

मामा : मुंग्यांचं कारण आधी शोधतो. गीझरची कॉइल किंवा चार्जरची वायर. ते सापडेपर्यंत गाडीला बाहेरची वीज नाही.

कारण गीझरच्या मागे सापडलं: थरथरीने घासून सोललेली फेजची वायर, पत्र्याला टेकलेली. शेवटी गाडीत जे बदललं ते एवढंच: जाड केबल, दोन फ्यूज, खरवडून आवळलेला अर्थ, पेटीला बाहेर उघडणारी जाळी, गीझरची वायर, आरसीसीबी, चेंजओव्हर. बॅटरी तीच राहिली.

भाचीने मालकाकडे वायरिंगचा नकाशा मागितला होता. तो नव्हता, गाडी बांधणाऱ्याने दिलाच नव्हता. मामांनी आणि तिने मिळून कागदावर काढला आणि फ्यूजच्या डब्याच्या झाकणाआड चिकटवला.

घरगाडी बांधून घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. शेवटचा हप्ता देण्याआधी वायरिंगचा नकाशा लेखी मागा, केबलची जाडी आणि फ्यूजच्या जागा त्यावर लिहून घ्या, आणि आरसीसीबीचं बटण स्वतः दाबून बघा. तो नसेल तर गाडीला बाहेरचा प्लग लावू नका.